पुतळा उतरवावा, पण उजेडात

उमरखेडहून नागपूर-तुळजापूर रस्त्याने यवतमाळकडे निघा किंवा पैनगंगा ओलांडून हदगाव-नांदेडकडे उतरा; वाटेतल्या लहानमोठ्या गावांची ओळख आता चौकातल्या पुतळ्याने होते. चौथरा, भोवती लोखंडी कठडा, कठड्यावर झेंडे, आणि जयंती-पुण्यतिथीच्या दिवशी शेजारी खुर्ची टाकून बसलेला पोलीस. पूर्वी गावाची खूण वडाचे झाड किंवा पाण्याचा आड असे; आज ती पुतळा आहे. यात वावगे काही नाही. आपल्या थोरांची आठवण डोळ्यांसमोर असावी ही माणसाची फार जुनी भूक आहे. परंतु ती पोलिसाची खुर्ची पाहिली की आमच्या मनात प्रश्न उभा राहतो. ज्याच्या आठवणीने गाव एक व्हावे, त्याच्याच पायाशी गाव दुभंगेल अशी भीती आम्हांला का वाटावी?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्ही ज्या मताला आलो आहोत, ते वाचकांपुढे स्पष्टपणे मांडतो. सार्वजनिक बागेत किंवा चौकात उभा असलेला पुतळा म्हणजे इतिहास नव्हे. तो गावाने दिलेला मान आहे. दिलेला मान परत घेण्याचा अधिकार गावाला आहे. मात्र तो गावाचा अधिकार आहे, चारदोघांच्या हातोड्याचा नव्हे. आणि तो दिवसाढवळ्या, कारणे सांगून बजावायचा असतो. हे मत आमच्या कॅथलिक समाजालाही काही ठिकाणी बोचेल याची आम्हांला जाणीव आहे. दुसऱ्यांचे पुतळे मोजताना जो गज वापरायचा, तोच आपल्या पुतळ्यांना लावण्याची तयारी नसेल तर या विषयावर लेखणी उचलूच नये.

प्रथम पुण्याची गोष्ट. ३ जानेवारी २०१७ च्या पहाटे जंगली महाराज रस्त्यावरील संभाजी उद्यानातून राम गणेश गडकरी यांचा अर्धपुतळा उखडण्यात आला आणि मुठेच्या पात्रात फेकण्यात आला. संभाजी ब्रिगेडने या कृत्याची जबाबदारी जाहीरपणे स्वीकारली. कारण असे दिले गेले की, गडकऱ्यांनी ‘राजसंन्यास’ या नाटकात छत्रपती संभाजी महाराजांची बदनामी केली. हे नाटक गडकऱ्यांच्या हातून पुरे झालेच नाही. आमच्या विदर्भातल्या सावनेर येथे २३ जानेवारी १९१९ रोजी, ऐन तारुण्यात त्यांचे निधन झाले. त्या अपुऱ्या नाटकातले संभाजीराजे विलासी आहेत, व्यसनी आहेत, हे खरे आहे. ते चित्र अन्यायाचे आहे हेही खरे आहे. बखरकारांनी रंगवलेली प्रतिमा नाटककारांनी उचलली आणि ती कित्येक वर्षे मराठी रंगभूमीवर मिरवली. तेव्हा ज्यांना या चित्राचा संताप येतो, त्यांच्या संतापाला आधार नाही असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. ज्या राजाने १६८९ साली औरंगजेबाच्या हातून हालहाल सोसून मरण पत्करले, त्याच्या वाट्याला त्याच्याच भाषेत ही उपेक्षा यावी, याची चीड कोणालाही यावी.

परंतु ते अन्यायाचे चित्र पुसले कोणी? वासुदेव सीताराम बेंद्रे यांनी चाळीसएक वर्षे कागदपत्रे धुंडाळून १९६० साली संभाजीराजांचे चरित्र प्रसिद्ध केले. पुढे डॉ. कमल गोखले यांनी त्याच विषयावर साधार ग्रंथ लिहिला. पराक्रमी, संस्कृतज्ञ, नऊ वर्षे मोगलांशी झुंजणारा राजा महाराष्ट्राला दिसला तो या अभ्यासकांच्या कष्टांमुळे. मुठेत फेकलेल्या पुतळ्याने संभाजीराजांच्या चरित्रात एका ओळीची भर पडली नाही. उलट ज्यांनी ‘राजसंन्यास’ कधी उघडले नव्हते, त्यांनीही त्या आठवड्यात ते शोधून वाचले असेल!

या घटनेनंतर दोन तऱ्हेची माणसे तावातावाने बोलू लागली, आणि आमचे भांडण दोघांशीही आहे. एक पक्ष म्हणतो, ‘आमच्या भावना दुखावल्या, म्हणून आम्ही फोडले.’ दुसरा पक्ष म्हणतो, ‘पुतळा हा इतिहास आहे, त्याला हात लावणे म्हणजे इतिहास पुसणे.’ पहिल्याची चूक सर्वांना दिसते. दुसऱ्याची चूक सभ्य वेषात येते, म्हणून ती आधी पाहू.

पुतळा म्हणजे इतिहास, हे म्हणणे आम्हां कॅथलिकांना तरी पटू नये. इसवी सन ७८७ मध्ये निकिया येथे भरलेल्या धर्मपरिषदेने प्रतिमांचा वाद मिटवताना सांगितले की, प्रतिमेला दिलेला मान हा प्रतिमेपाशी थांबत नाही. ती ज्याची आहे त्याच्याकडे तो जातो. आराधना केवळ परमेश्वराची, संतांना आदर. या भेदावर आमची देवळे, आमचे क्रूस, आमच्या वेशीवरच्या मूर्ती उभ्या आहेत. मग जी गोष्ट आम्ही देवळात शिकलो, ती बागेत कशी विसरावी? दगडाला किंवा काशाला दिलेला मान माणसाला पोचतो. ग्रंथालयात असतो तो इतिहास. तिथे औरंगजेबही असतो आणि अल्बुकर्कही असतो, आणि असायलाच हवा. चौथऱ्यावर उंच उभा करून, हार घालून ज्याच्याकडे मुलांना मान वर करून पाहायला लावतो, त्याला आपण म्हणत असतो, ‘हा आमचा आदर्श आहे.’ हे वाक्य गावाने एकदा उच्चारले म्हणून ते जन्मभर उच्चारीत राहावे, असे बंधन कोणी घातले? माहिती वाढते, विवेक जागा होतो, कालपर्यंत ज्यांना सभेत बोलण्याची मुभा नव्हती ती माणसे आज सभेत बसतात. गावाने आपले वाक्य तपासून पाहिले तर त्यात इतिहासाचा अपमान कसला?

या तपासणीचे सर्वांत मोठे उदाहरण अमेरिकेने आपल्यापुढे ठेवले आहे. तिथल्या दक्षिणेकडील राज्यांनी गुलामगिरी टिकवण्यासाठी संघराज्यातून फुटून निघून १८६१ ते १८६५ या काळात युद्ध केले आणि ती हरली. हरलेल्या सेनापतींचे पुतळे मात्र बहुतांशी युद्धानंतर लगेच उभे राहिले नाहीत. त्यांचा सुकाळ झाला तो विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत. म्हणजे ज्या काळात काळ्या नागरिकांचा मताधिकार युक्तीने काढून घेतला जात होता, त्यांना शाळेत, गाडीत, पाणवठ्यावर वेगळे बसवले जात होते, त्या काळात. व्हर्जिनिया राज्यातील शार्लट्सव्हिल गावच्या बागेत सेनापती रॉबर्ट ली याचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला तो १९२४ साली. युद्ध संपल्याला तेव्हा जवळजवळ साठ वर्षे झाली होती. तो पुतळा मेलेल्यांच्या शोकासाठी नव्हता. जिवंतांना त्यांची पायरी दाखवण्यासाठी होता. स्वतः लीला अशी स्मारके नको होती. युद्धाच्या जखमा उघड्या ठेवू नयेत, अशा अर्थाचे पत्र त्याने १८६९ साली लिहिले होते. भक्तांनी देवाचेही ऐकले नाही!

शार्लट्सव्हिलच्या नगरसभेने फेब्रुवारी २०१७ मध्ये तो पुतळा हलवण्याचा ठराव केला. त्याविरुद्ध ऑगस्टमध्ये गोऱ्या वर्णवर्चस्ववाद्यांचा मेळावा भरला, त्यांतल्या एकाने विरोधकांच्या जमावावर मोटार घातली आणि एक तरुणी ठार झाली. एवढे होऊनही नगरसभेने पहाटेचा हातोडा उचलला नाही. न्यायालयात चार वर्षे वाद चालला. निकाल लागल्यावर १० जुलै २०२१ रोजी, सकाळी, लोकांच्या डोळ्यांदेखत तो पुतळा यारीने उचलला गेला. त्याच वर्षी ८ सप्टेंबरला राज्याची राजधानी रिचमंड येथील लीचा प्रचंड पुतळाही सर्वोच्च राज्य न्यायालयाच्या निर्णयानंतर उतरवण्यात आला. जो समाज मान काढून घेण्यासाठी चार वर्षे धीर धरतो, त्याच्या निर्णयाला वजन येते.

आता त्याच अमेरिकेतली दुसरी गोष्ट, आणि ती आमच्या घरापर्यंत येणारी. १९ जून २०२० रोजी सॅन फ्रान्सिस्को शहरातल्या गोल्डन गेट पार्क या उद्यानात जमावाने तीन पुतळे पाडले. त्यांतला एक होता युलिसिस ग्रँट याचा. हा ग्रँट म्हणजे गुलामगिरीवाद्यांच्या सैन्याचा पराभव करून लीला शरण आणणारा सेनापती! त्याच्या हाताखालीही एके काळी एक गुलाम होता, हे जमावाचे कारण. त्याने त्या गुलामाला १८५९ सालीच मुक्त केले होते, हे तपासायला जमावाला सवड नव्हती. लीच्या पुतळ्यावर उगारलेला हात लीचा पराभव करणाऱ्यावर पडला. जमावाला चौकशी नसते, वकील नसतो, अपील नसते. म्हणूनच त्याच्या हातून न्यायही घडला तरी तो अपघाताने घडतो.

त्या संध्याकाळी पडलेला दुसरा पुतळा संत जुनिपेरो सेरा यांचा होता. अठराव्या शतकात कॅलिफोर्नियात मिशन-केंद्रे उभारणारे हे फ्रान्सिस्कन धर्मगुरू. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली त्यांना संतपद दिले. त्यांचा पुतळा पडल्याचे वृत्त वाचून आमच्यापैकी अनेकांना दुःख झाले, आम्हांलाही झाले. पण दुःख ओसरल्यावर विचार करणे भाग आहे. त्या मिशन-केंद्रांत आलेल्या आदिवासींना मनाला येईल तेव्हा परत जाण्याची मोकळीक नव्हती. पळाले तर त्यांना धरून आणले जाई, फटके दिले जात. रोगराईने ते हजारोंनी मेले. सेरा यांनी सैनिकांच्या जुलमाविरुद्ध आदिवासींची बाजू घेतली, हेही तितकेच खरे. देवळातल्या वेदीवर त्यांची प्रतिमा असावी. तो आमच्या श्रद्धेचा प्रश्न आहे आणि तिथे बाहेरच्याने बोट ठेवू नये. मात्र बाग ही वेदी नव्हे. बागेत त्या आदिवासींचे वंशजही आपल्या मुलांना घेऊन येतात. त्यांनी त्या पुतळ्याकडे मान वर करून पाहावे अशी सक्ती करण्याचा आम्हांला अधिकार नाही. हे वाक्य लिहिताना आमची लेखणी अडखळली. परंतु ते गाळले असते तर गडकऱ्यांविषयी आणि लीविषयी आम्ही लिहिलेले सारे ढोंग ठरले असते.

किंबहुना या बाबतीत आम्हां मराठी कॅथलिकांना विशेष शहाणपण असायला हवे. कारण स्मारकांच्या भाषेचा मार आम्ही दोन्ही बाजूंनी खाल्ला आहे. उमरखेडसारख्या ठिकाणी आमची घरे बोटांवर मोजण्याइतकी. चहाच्या दुकानात गप्पांना रंग चढला की कोणीतरी सहज विचारतो, ‘तुमच्या पोर्तुगिजांनी असे का केले हो?’ विचारणाऱ्याच्या मनात द्वेष नसतो. पैनगंगेच्या काठी पोर्तुगीज कधी फिरकलाही नाही, हे त्याच्या गावी नसते एवढेच. आम्ही हसून चहा पितो. पण ‘तुमच्या’ हा शब्द चहाबरोबर खाली उतरत नाही.

वसईच्या वाचकांना तर हा शब्द पिढ्यान्पिढ्या ऐकावा लागला आहे. १५३४ पासून वसई पोर्तुगिजांकडे होती; मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. त्या विजयाच्या खुणा म्हणून चर्चमधल्या घंटा महाराष्ट्रभर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला, वाईजवळच्या मेणवलीला त्या आजही आहेत. त्या परत मागाव्यात असे आम्हांला कधी वाटले नाही. अडीचशेहून अधिक वर्षे त्या तिथल्या भाविकांना हाक देत आहेत. नाशिककरांच्या तर त्या बोलण्यात शिरल्या आहेत. जिंकलेली लूट म्हणून टांगलेली घंटा काळाच्या ओघात प्रार्थनेची घंटा झाली. वसईच्या किल्ल्यात चिमाजी अप्पांचे स्मारक आहे. त्याला वसईच्या ख्रिस्ती माणसाने मान द्यायला काय हरकत आहे? आम्ही पोर्तुगिजांचे वारस नाही. आम्ही या मातीतल्या शेतकऱ्यांचे, कोळ्यांचे, कारागिरांचे वारस आहोत. श्रद्धा मिळाली ती प्रभू येशूची, राजा मॅन्युएलची नव्हे.

गोव्याच्या बाबतीतही आमचे उत्तर हेच आहे. १५१० साली गोवा जिंकल्यावर अफोंसो द अल्बुकर्कने तिथल्या मुसलमानांची सरसकट कत्तल केली आणि आपल्या राजाला ते अभिमानाने कळवले. त्याचा पुतळा मुक्तीनंतर चौकातून गेला आणि जुन्या गोव्याच्या वस्तुसंग्रहालयात जाऊन उभा राहिला, हे योग्यच झाले. कवी कामोंइश याचा पुतळाही तिथेच हलवला आहे. १५६० ते १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षे सोडली तर, गोव्यात चाललेल्या इन्क्विझिशनचा एकही चौथरा आम्हांला नको. जून २०२३ मध्ये गोव्याच्या मुख्यमंत्र्यांनी पोर्तुगिजांच्या खुणा पुसून टाकण्याची भाषा केली, तेव्हा मात्र आम्ही सावध झालो. खूण कोणती, हे कोणी ठरवायचे? विजेत्या सेनापतीचा पुतळा ही सत्तेची खूण आहे. पण फादर स्टीफन्स याच पोर्तुगिजांच्या गलबतावर बसून आले आणि १६१६ साली छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त मराठीचे ऋण मराठीतच फेडून गेले, तीही खूणच नव्हे काय? सारेच पुसायला निघाले की हात कुठे थांबवायचा, ते पुसणाऱ्यालाही कळत नाही.

म्हणून आम्ही तीन प्रश्न सुचवतो. पुतळा उभा करताना आणि उतरवताना, दोन्ही वेळी ते विचारावेत. पहिला: हा मान नेमक्या कोणत्या कृत्यासाठी आहे? गडकऱ्यांचा पुतळा ‘एकच प्याला’च्या लेखकाचा होता, संभाजीराजांच्या निंदकाचा नव्हता, लीचा पुतळा मात्र नेमका त्या युद्धासाठीच होता. दुसरा: तो कोणी, केव्हा, कोणाला काय सांगण्यासाठी उभारला? तिसरा: आज त्याच्यापुढून जाणारी माणसे त्यातून काय वाचतात?

या तिसऱ्या प्रश्नाचे महत्त्व भीमा कोरेगाव सांगते. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर इंग्रज कंपनीने १८२१ साली तिथे स्तंभ उभारायला घेतला. हेतू सरळ होता: पेशवाईवरच्या आपल्या विजयाची प्रौढी. ‘परक्यांच्या खुणा पुसा’ एवढाच नियम लावला तर हा स्तंभ सर्वांत आधी पडावा. परंतु त्यावर कोरलेल्या मृतांच्या नावांत महार शिपायांची बावीस नावे आहेत. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले, आणि ज्यांना गावात सावलीची जागा नव्हती त्यांनी त्या दगडात आपल्या बापजाद्यांचे शौर्य वाचले. कंपनी गेली, तिचा हेतू गेला. उरला तो अस्पृश्यतेविरुद्धचा ताठ कणा. १ जानेवारी २०१८ रोजी तिथे जमलेल्या लोकांवर दगडफेक झाली, ती या नव्या अर्थावर झाली. स्मारकाचा अर्थ उभारणाऱ्याच्या मालकीचा राहत नाही, हे ज्यांना कळत नाही त्यांनी हातोड्याला हात लावू नये.

आणखी एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. १८९६ साली चापेकर बंधूंनी मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासले, त्याचा आपण गौरव करतो. मग आजच्याच तरुणांना उपदेश कशासाठी? उत्तर असे की, चापेकरांना ठराव मांडायला सभा नव्हती. ज्याचे तोंड बांधले आहे तो डांबराने बोलला तर त्याला दोष देता येत नाही. आज नगर परिषद आपली आहे, विधानसभा आपली आहे, न्यायालय आपले आहे. तोंड मोकळे असताना डांबराची भाषा वापरणे हा पराक्रम नव्हे, आळस आहे.

आणि आपल्या राज्यात आपण हे काम नीटही करू शकतो. सातव्या एडवर्डचा युवराजपणीचा अश्वारूढ पुतळा मुंबईच्या फोर्ट भागात १८७९ पासून उभा होता. १९६५ साली तो तिथून हलवून भायखळ्याच्या बागेत नेला. दंगल झाली नाही, कोणाचे डोके फुटले नाही. लोक मात्र त्या जागेला ‘काळा घोडा’च म्हणत राहिले. अखेर २०१७ साली तिथे पुन्हा एक काळा घोडा बसवला गेला. या खेपेस पाठीवर स्वार नाही. राजा गेला, लोकांनी ठेवलेले नाव राहिले. ज्या वर्षी पुण्यात पुतळा मुठेत गेला, त्याच वर्षीची ही गोष्ट आहे, हे ध्यानात घ्यावे.

याउलट अर्धवट कायदेशीरपणाचे फळ पुण्यानेच चाखले आहे. लाल महालातील शिल्पात बालशिवाजी, जिजाऊ आणि दादोजी कोंडदेव होते. दादोजी हे शिवरायांचे गुरू की केवळ सुभ्याचे कारभारी, हा वाद खरा आहे आणि जुन्या समजुतीच्या बाजूचे पुरावे अपुरे आहेत, असे आम्हांलाही वाटते. महापालिकेने रीतसर ठराव केला. पण डिसेंबर २०१० मध्ये तो पुतळा काढला तो काळोखात, पोलीस पहाऱ्यात. ठराव उजेडात आणि अंमल अंधारात! परिणाम असा झाला की, दादोजींचा प्रश्न कागदपत्रांचा न राहता जातींचा झाला. अमरावतीचा अनुभव तर आमच्या विभागातलाच. जानेवारी २०२२ मध्ये राजापेठच्या उड्डाणपुलावर परवानगीवाचून शिवरायांचा पुतळा बसवण्यात आला. चार दिवसांत पालिकेने तो बंदोबस्तात काढला. पुढच्याच महिन्यात आयुक्तांच्या अंगावर शाई पडली. या साऱ्यात शिवरायांचा मान कोणी राखला? परवानगीवाचून किल्लेदाराने दार उघडले तर चालत नसे, अशी ज्यांच्या राज्याची कीर्ती, त्यांनाच परवानगीवाचून पुलावर उभे करायचे!

सार्वजनिक रस्त्यांवर पुतळ्यांना परवानगी देऊ नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ रोजी दिलेला आहे. तो किती पाळला जातो, हे चौकाचौकांत दिसतेच. आणि घाईचा मान किती टिकतो, हे मालवणच्या राजकोट किल्ल्यावर दिसले. ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला शिवरायांचा पस्तीस फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. नऊ महिनेही उभा राहिला नाही. त्याला कोणत्याही ब्रिगेडने हात लावला नव्हता. ज्याने समुद्रात सिंधुदुर्ग बांधला, त्याच्या प्रतिमेला त्याच समुद्राचा वारा सोसवू नये, ही लाज कोणा एकाची नाही, घाई करणाऱ्या सर्वांची आहे.

आता पुन्हा उमरखेडला येऊ. या परगण्यात हटकरांचा एक नाईक होऊन गेला, नोवसाजी नाईक. निजामाच्या आणि त्याच्या पाठीशी असलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या फौजेशी तो झुंजला. जानेवारी १८१९ मध्ये नाव्ह्याच्या किल्ल्याला वेढा पडला आणि महिनाअखेर तो किल्ला पडला. आमच्या भागातल्या किती मुलांना हे नाव ठाऊक आहे? पुण्यातल्या पुतळ्यावरून इथे मोर्चा निघू शकतो. इथल्या माणसाची गोष्ट सांगायला मात्र कोणाला वेळ नाही. नोवसाजींचा पुतळा उभारा, अशी आमची मागणी नाही. आधी त्यांची गोष्ट शाळेत सांगा, कागद शोधा, त्याचे पुस्तक करा. मग गावाला वाटले तर गाव चौथराही बांधील, आणि तो पोलिसाच्या खुर्चीवाचून उभा राहील.

नगर परिषदांना आमची सूचना साधी आहे. पुतळा बसवण्याचा किंवा हलवण्याचा प्रस्ताव आला तर तो नोटीस फलकावर तीन महिने लावावा. हरकती जाहीर सभेत ऐकाव्यात, आणि जी वस्ती गावात सर्वांत लहान असेल तिला आधी बोलू द्यावे. ठराव झाला तर तो भरदुपारी अमलात आणावा. उतरवलेला पुतळा फोडू नये, वितळवू नये, नदीत टाकू नये. संग्रहालयात ठेवावा आणि त्याखाली दोन पाट्या लावाव्यात: तो कोणी व का उभारला, आणि कोणी व का उतरवला. दुसरी पाटी लिहिताना ज्यांचा हात कापेल, त्यांनी पुतळा उतरवू नये.

आमच्या ख्रिस्ती वाचकांना शेवटचा शब्द. आपण संख्येने थोडे. असल्या वादांत तोंड मिटून राहावे, असे आपल्याला घरचे वडीलधारे शिकवतात. त्यांची भीती आम्ही समजतो. पण जो समाज ‘हे अल्बुकर्कचे स्मारक आमचे नाही’ असे मोठ्याने म्हणतो, त्यालाच ‘हे आमचे देऊळ आहे, याला हात लावू नका’ असेही मोठ्याने म्हणता येते. पहिले वाक्य आपण आजवर पुटपुटलो, म्हणून दुसरे कोणाला ऐकू गेले नाही. पुढच्या वेळी चहाच्या दुकानात कोणी ‘तुमचे पोर्तुगीज’ म्हणाला, तर आम्ही हसून चहा पिणार नाही. कप खाली ठेवू आणि त्याला मेणवलीच्या घंटेची गोष्ट सांगू.